नाताळच्या संग्राह्य ऑर्नामेंट्सची पुनर्विक्री किंमत: कोणत्या आकड्यावर विसंबावे?

ख्रिसमस ट्रीवर टांगायची ऑर्नामेंट्स अमेरिकेतील अनेक कुटुंबांत वर्षानुवर्षे जपून ठेवली जातात. हा संग्रह विकायची वेळ आली की त्याची किंमत शोधण्याचे चार मार्ग समोर येतात: छापील दरपुस्तिका, ऑनलाइन विक्रेत्यांनी लावलेल्या किमती, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या नोंदी आणि जाणकार व्यापाऱ्याने किंवा लिलावगृहाने दिलेला अंदाज. एकाच वस्तूसाठी हे चार मार्ग चार वेगळे आकडे देतात. त्यातला कोणता धरायचा, हे वस्तू कारखान्यात दरवर्षी ठरावीक साच्यात निघालेली आहे, चांदीची आहे की जुन्या, हाताने घडवलेल्या काचेची आहे, यावर ठरते.

हॉलमार्क कंपनीची कीपसेक मालिका हे पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. ती 1973 मध्ये काचेचे सहा गोळे आणि लोकरीच्या बारा आकृत्या अशा अठरा वस्तूंनी सुरू झाली. पुढे ‘फ्रॉस्टी फ्रेंड्स’सारख्या, दरवर्षी एक नवा नमुना येणाऱ्या उपमालिका निघाल्या आणि संग्राहकांची संख्या वाढली. त्या काळात दरपुस्तिका उपयोगी होत्या, कारण दूरच्या गावातल्या विक्रेत्याकडे काय आहे हे कळायला दुसरे साधन नव्हते. ऑनलाइन बाजार आल्यावर कपाटांत पडून असलेले हजारो नग एकाच वेळी सर्वांना दिसू लागले आणि ज्या वस्तू दुर्मीळ समजल्या जात होत्या त्यांतल्या बऱ्याच केवळ विखुरलेल्या होत्या, हे उघड झाले. त्यामुळे जुन्या पुस्तिकेतील आकडा आज किंमत म्हणून धरू नये. नमुना कोणता, कोणत्या वर्षाचा आणि मालिकेत कितवा, हे ओळखण्यासाठी मात्र ती पुस्तिका अजूनही उत्तम आहे. मालिकेतील पहिल्या एकदोन वर्षांच्या वस्तूंना सहसा जास्त भाव मिळतो, कारण मालिका लोकप्रिय होण्याआधी त्या कमी विकल्या गेलेल्या असतात आणि उशिरा आलेल्या संग्राहकाला संच पूर्ण करायला नेमक्या त्याच हव्या असतात.

लावलेली किंमत हा चारांतला सर्वांत फसवा आकडा आहे. एखादी वस्तू शंभर डॉलरला लावून वर्षभर पडून असेल, तर त्यातून एवढेच कळते की त्या भावाला गिऱ्हाईक मिळालेले नाही. तरीही लोक शोधयादीतला सर्वांत मोठा आकडा उचलून मनाशी हिशेब मांडतात, आणि मग व्यापाऱ्याचा प्रस्ताव त्यांना अपमानासारखा वाटतो.

झालेल्या विक्रीच्या नोंदी याहून कितीतरी भरवशाच्या आहेत, पण त्याही वाचता याव्या लागतात. ईबे या ऑनलाइन बाजारावर शोधयादी फक्त विकल्या गेलेल्या वस्तूंपुरती मर्यादित करता येते आणि साधारण गेल्या 90 दिवसांचे व्यवहार दिसतात. विक्रेत्याचे खाते असल्यास टेरापीक या साधनातून तीन वर्षांपर्यंत मागे जाता येते. ज्या व्यवहारात घासाघीस होऊन कमी भाव ठरला, तेथे यादीत मूळ किंमत खोडलेली दिसते आणि खरा भाव दिसत नाही. अशा नोंदी हिशेबातून वगळाव्यात. शिवाय सर्वांत वरचा व्यवहार न धरता पाचसहा व्यवहारांतला मधला आकडा धरावा आणि आपल्या वस्तूची अवस्था त्या वस्तूंच्या अवस्थेशी ताडून पाहावी. हॉलमार्कच्या बाबतीत मूळ खोका, त्यावरची किमतीची चिठ्ठी आणि आतले माहितीकार्ड असणे आणि नसणे यांनी भावात मोठा फरक पडतो. दिव्यांची किंवा आवाजाची वस्तू असेल तर ती चालते की नाही, आणि बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरीतून रसायन गळले आहे का, हे आधी तपासावे. ऋतूही पाहावा लागतो: जूनमधला व्यवहार नोव्हेंबरच्या अंदाजासाठी कमी पडतो, कारण बहुतेक ग्राहक झाड सजवण्याच्या आधीच्या आठवड्यांत खरेदी करतात.

चांदीच्या वस्तूंसाठी पाचवा, अगदी सोपा आकडा उपलब्ध आहे, तो म्हणजे धातूची किंमत. गोरहॅम कंपनीचे 1970 पासूनचे हिमकणाच्या आकाराचे वार्षिक नग आणि रीड अँड बार्टन कंपनीचे 1971 पासूनचे क्रॉस स्टर्लिंग चांदीचे, म्हणजे 92.5 टक्के शुद्धतेचे आहेत. 20 ग्रॅम वजनाच्या वस्तूत 18.5 ग्रॅम शुद्ध चांदी असते. 31.1 ग्रॅमचा एक ट्रॉय औंस धरल्यास ती सुमारे 0.6 औंस होते. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणले की या वस्तूचा तळभाव मिळतो. वॉलेस कंपनीच्या 1971 पासूनच्या घंटा मात्र चांदीचा मुलामा दिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना असा तळ नाही; त्यांचा भाव पूर्णपणे संग्राहकांच्या मागणीवर, विशेषतः पहिल्या वर्षाच्या घंटेच्या मागणीवर उभा आहे. दोन्ही वस्तू दिसायला सारख्याच चकाकतात, म्हणून वस्तूवरचा धातूचा शिक्का वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

व्हाइट हाउस हिस्टॉरिकल असोसिएशनची 1981 पासूनची वार्षिक ऑर्नामेंट्स वेगळ्या कारणाने भाव खात नाहीत: संस्था मागच्या वर्षांचे नमुनेही स्वतः विकते. जी वस्तू मूळ ठिकाणी नवीन मिळते, तिच्यासाठी पुनर्विक्रेत्याला कोणी जास्त पैसे देत नाही.

जुन्या काचेसाठी मात्र मी विक्रीच्या नोंदींपेक्षा जाणकाराचे मत वरचे मानतो. जर्मनीतील लाउशा गावची फुंकून घडवलेली काच किंवा एकोणिसाव्या शतकातील जाड काचेचे, पितळी टोपीचे कुगेल नावाचे टांगायचे गोळे यांत रंग, आकार आणि टोपी यांवरून भाव फार बदलतो आणि नकलाही भरपूर आहेत. छायाचित्रावरून अस्सल आणि नक्कल यांतला फरक सांगणे नवख्याला जमत नाही. शायनी ब्राइट या अमेरिकी ब्रँडच्या काचेच्या ऑर्नामेंट्सच्या बाबतीत काम जरा सोपे आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे आतला चंदेरी थर गेला आणि टोप्या पुठ्ठ्याच्या झाल्या; त्यावरून काळ ओळखता येतो. त्याच नावाने आजही नवे नग विकले जातात, हे विसरू नये.

व्यापारी जो भाव देईल तो विक्रीच्या नोंदींपेक्षा बराच कमी असणार, आणि त्यात गैर काही नाही. त्याला वस्तू साठवायची, पुन्हा विकायची आणि न खपण्याचा धोकाही पत्करायचा असतो. स्वतः विकल्यास ईबेचे शुल्क बहुतेक प्रकारांत 13 टक्क्यांच्या आसपास जाते आणि ते पाठवणीच्या रकमेवरही लागते; त्यात काचेसाठी दुहेरी खोका, भराव आणि फुटीचा धोका आला. विक्रीचा मधला भाव 12 डॉलर असेल, तर हे सगळे वजा जाता वेळेचा मोबदलाही सुटत नाही. असे नग एकेक न विकता मालिका किंवा विषयानुसार गट करून द्यावेत, आणि पहिल्या वर्षांचे नग, स्टर्लिंग चांदी व जुनी काच तेवढी वेगळी काढून एकेक विकावीत.