साइट इंजिनिअरचा सुतार केला आणि मला आठ महिने पत्ता नाही (कॅनडा पीआर एजंटचा अनुभव)

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं कारण यात माझीपण चूक आहे, पण मागच्या आठवड्यात मित्राच्या बहिणीने एक मेसेज फॉरवर्ड केला आणि विचारलं, दादा हे खरं आहे का, तर त्यात अगदी माझ्या एजंटचीच भाषा, "कोड आम्ही सेट करू, लँग्वेजचं टेन्शन घेऊ नका". (कोड म्हणजे कॅनडा सरकारच्या यादीत प्रत्येक व्यवसायाला असलेला नंबर.) ते वाचून पोटात गोळाच आला. म्हणून आता सगळं लिहून टाकतो, लांब होईल, पण कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीचं, डोक्यात असेल तर पूर्ण वाचा.

मी सिव्हिलवाला, साइट इंजिनिअर. रोजचं काम म्हणजे स्लॅब टाकायच्या आधी सळई चेक करणं, बीबीएस (सळईच्या मापांचा तक्ता) काढणं, क्यूब टेस्टचं रजिस्टर ठेवणं, कॉन्ट्रॅक्टरच्या बिलाची मापं घेणं. जुलै २०२३ मध्ये आयल्ट्स जनरल (इंग्रजीची परीक्षा) दिली. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७, रायटिंग ६.५. मला वाटलं झकास झालं. त्या रायटिंगच्या ६.५ ने माझं किती नुकसान केलंय हे मला दीड वर्षाने कळलं, ते पुढे सांगतो.

सप्टेंबरमध्ये एजंटकडे गेलो. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस अतिशय गोड बोलणारा, आणि मुख्य म्हणजे तो जे सांगत होता त्यातलं निम्मं खरं होतं, त्यामुळेच मी फसलो. त्याने सीआरएसचा, म्हणजे एक्सप्रेस एन्ट्री या कॅनडा पीआरच्या ऑनलाइन सिस्टीममधल्या पॉइंटचा, हिशोब कागदावर मांडून दाखवला. वय २९ चे ११०, डिग्रीचे १२०, आयल्ट्सचे ११६, डिग्री आणि अनुभव भाषेबरोबर जोडून ३८, टोटल ३८४. बरोबर होतं ते. मग म्हणाला जनरल राउंड ५०० च्या आसपास जातोय, म्हणजे तेवढे पॉइंट असतील त्यांनाच अर्जाचं बोलावणं येतं, तिथे तुमचा नंबर लागणार नाही, पण जूनपासून कॅनडाने कॅटेगरीप्रमाणे बोलवायला सुरुवात केलीये, हेल्थकेअर वेगळं, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानवाले) वेगळं, ट्रेड (हातकामाचे कारागीर) वेगळं, फ्रेंचवाले वेगळे, आणि ३ ऑगस्टला ट्रेडचा राउंड ३८८ ला गेला. हे पण खरं. "सर तुम्ही फक्त चार पॉइंटने बाहेर आहात." हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की नंतर त्याने जे जे सांगितलं त्याला मी मान डोलावत गेलो.

मी विचारलं की मी इंजिनिअर, ट्रेडमध्ये कसा बसणार? तर म्हणे, "सर, साइट म्हणजे साइट. कोड आम्ही बघतो, तो आमचा अभ्यास आहे." आणि वर जॉब ऑफर लावून देतो, त्याचे ५० मिळतात, म्हणजे ४३४, विषय संपला. त्या वेळी जॉब ऑफरचे ५० पॉइंट खरंच मिळायचे, पण त्यामागे बहुतेक वेळा एलएमआयए लागतं, म्हणजे तिथल्या मालकाने सरकारकडून परवानगी काढायची की मला इथे माणूस मिळत नाहीये. त्याची फी १००० डॉलर आणि ती मालकाने स्वतः भरायची असते, कामगाराकडून वसूल करता येत नाही. माझ्याकडून मात्र जॉब ऑफरचे वेगळे पैसे घेतले. मी दिले.

मी हेही विचारलं होतं की रायटिंग परत देऊ का. उत्तर आलं, "गरज नाही सर, ट्रेडला लँग्वेज बघत नाहीत."

हे साफ खोटं आहे. कॅटेगरी कुठलीही असो, रँकिंग त्याच सीआरएसवर होतं आणि भाषेचे पॉइंट त्यात असतातच. शिवाय मुळात आत यायलाच फेडरल स्किल्ड वर्करला (एक्सप्रेस एन्ट्रीतला माझ्यासारख्यांचा प्रोग्रॅम) चारही मॉड्यूलमध्ये सीएलबी ७ (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची लेव्हल) पाहिजे, म्हणजे आयल्ट्सला प्रत्येकी ६. आता माझ्या ६.५ चं गणित बघा. रायटिंगला ७ असता तर चारही सीएलबी ९ झाले असते. रायटिंग सीएलबी ८ वर राहिल्यामुळे त्या एका मॉड्यूलचे ८ पॉइंट गेले, ते एक वेळ ठीक, पण डिग्री आणि अनुभवाचे जे जोडून पॉइंट मिळतात ते चारही ९ असतील तरच पूर्ण ७५ मिळतात, एक जरी खाली राहिलं तर ३८. म्हणजे आणखी ३७ गेले. अर्ध्या बँडचे ४५ पॉइंट! ३८४ चे सरळ ४२९ झाले असते, परीक्षेच्या एका फीमध्ये, कुणाच्याही जॉब ऑफरशिवाय. खोट्या ऑफरने तो मला जे ५० देत होता, जवळपास तेवढेच मी स्वतः दोन महिने निबंध आणि पत्रं लिहून मिळवले असते. हे मला आजही झोपू देत नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याने प्रोफाइल टाकलं. माझी अपॉइंटमेंट लेटर, सॅलरी स्लिप, पासपोर्ट सगळं त्याच्याकडे. लॉगिन मागितलं तर म्हणाला क्लायंटने उघडलं तर फाइल लॉक होते. ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. मी काही महिने फक्त "प्रोसेसमध्ये आहे सर" हे वाचत बसलो.

जून २०२४ ला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली, काँग्रॅच्युलेशन्स, तुमचं इन्व्हिटेशन आलं. वर मेपलचं पान, खाली सही. सात दिवसांत १५२५ डॉलर भरा, आमच्या अकाउंटला. आकडा मी गुगलवर बघितला तर सरकारी फी तेवढीच होती, ९५० आणि ५७५, एप्रिलअखेरीपासून वाढलेली, त्यामुळे अजूनच विश्वास बसला. पण सात दिवस कुठेच सापडेना, सगळीकडे ६० दिवस लिहिलेलं. मग मी हट्ट धरला की मला अकाउंटचा स्क्रीनशॉट पाठवा, नाहीतर पैसे नाही. दोन दिवसांनी त्याने घाईत एक पाठवला. इन्व्हिटेशनचा नाही, जुन्या प्रोफाइलचा, नाव आणि पॉइंट दिसतील असा कापलेला. पण खालच्या कडेला अर्धी ओळ कापायची राहून गेली होती आणि त्यात एक नंबर होता, ७२३१०.

मी तो नंबर सर्च केला. कारपेंटर.

मी आयुष्यात रंधा हातात धरलेला नाही.

त्याच रात्री त्याला फोन करून चिडून माझं एक्सपिरियन्स लेटर मागितलं. तोपर्यंत मला वाटत होतं की त्याने माझ्या अपॉइंटमेंट लेटरवरूनच काहीतरी साधं बनवलं असेल. जे आलं त्यात माझ्या कंपनीचा लोगो, थोडा फिकट, आणि खाली कामं: नकाशे वाचणे, लेआउट आखणे, लाकूड मोजणे, कापणे, जोडणे. मी कॅनडा सरकारचं एनओसीचं, म्हणजे त्या व्यवसायांच्या कोडच्या यादीचं, पान शेजारी उघडलं, तर ओळ न ओळ तिथून उचललेली, क्रमसुद्धा तोच. ही चलाखी नाही, हा पुरावा आहे, आणि ऑफिसरला तो आधी दिसतो. तिथे पदाचं नाव बघत नाहीत, तुम्ही रोज काय करता ते कोडच्या वर्णनाशी जुळतं का ते बघतात, आणि शंका आली तर सरळ कंपनीला ईमेल किंवा फोन करतात. आमच्या एचआरने काय सांगितलं असतं? खोटं पकडलं गेलं तर मिसरिप्रेझेंटेशन लागतं, त्यांच्या कायद्याचं कलम ४०, पाच वर्षं बंदी. आणि ती एजंटवर नाही, माझ्यावर. मला माहीत नव्हतं हे तिथे चालत नाही, फाइल माझ्या नावाची.

मग मी एका अधिकृत कन्सल्टंटकडे गेलो, फी भरून. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर एजंटच्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, त्यावरचा आरसीआयसी (कॅनडाच्या अधिकृत कन्सल्टंटचा) नंबर त्यांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या, पब्लिक रजिस्टरमध्ये टाकला. नंबर खरा, माणूस दुसराच. पैसे घेऊन कॅनडाची फाइल हाताळायची परवानगी या कॉलेजच्या मेंबरला, तिथल्या वकिलाला किंवा क्युबेकच्या नोटरीला वगैरेच आहे, आणि असा माणूस असेल तर आयएमएम ५४७६ नावाचा फॉर्म भरून तो स्वतःचं नाव पुढे करतो. माझ्या फाइलमध्ये असा फॉर्मच नव्हता. सरकारच्या दृष्टीने हे सगळं मी एकट्याने केलं होतं. अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ज्याने मी गार पडलो, एक्सप्रेस एन्ट्रीचं प्रोफाइल टाकायला एक पैसा लागत नाही. शून्य. आणि खरं इन्व्हिटेशन तुमच्या अकाउंटमध्येच येतं, फी अर्ज करताना तिथेच ऑनलाइन भरायची, कुणाच्या खात्यात नाही.

पोलिसात जातो म्हटल्यावर त्याने पासवर्ड दिला. आत इन्व्हिटेशन वगैरे काहीच नव्हतं. सुतार होता, जॉब ऑफर होती, माझं नाव होतं. त्याच दिवशी प्रोफाइल विथड्रॉ केलं. अर्ज गेला नव्हता म्हणून मी वाचलो, ती पीडीएफ खरी असती तर मी आनंदाने सगळं सबमिट केलं असतं. तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

पैशांपेक्षा वर्षं गेली त्याचं जास्त वाटतं. आयल्ट्सचा रिझल्ट दोनच वर्षं चालतो, जुलै २०२५ ला संपला. वय ३१ झालं, ११० चे ९९. आणि ज्या जॉब ऑफरसाठी एवढे पैसे ओतले तिचे पॉइंट २५ मार्च २०२५ पासून कॅनडाने सगळ्यांसाठीच काढून टाकले.

आता रायटिंग ७ आलंय, चारही सीएलबी ९, तरी टोटल ४१८. खरं सांगतो, एवढ्यावर माझं काम होत नाही. म्हणून फ्रेंच सुरू केलं आहे. फ्रेंचच्या कॅटेगरीला चारही मॉड्यूलमध्ये एनसीएलसी ७ (सीएलबीसारखीच फ्रेंचची लेव्हल) लागतं, परीक्षा टेफ किंवा टीसीएफ कॅनडा, आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला तो राउंड ३३६ ला गेला होता. तेव्हा माझे ३८४ होते, सुतार न होता.

त्याच एजंटचा परवा नव्या नंबरवरून मेसेज आला, ऑस्ट्रेलियाला तुमचा कोड ओपन आहे सर. तिथे सिव्हिल इंजिनिअरला आधी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून कामाची तपासणी करून घ्यावी लागते, मग पुढचं. मी उत्तर दिलं नाही, मेसेज तक्रारीला जोडला.

मित्राच्या बहिणीला तो स्क्रीनशॉट पाठवला आहे, ७२३१० वर गोल करून. ती नर्स आहे, तिचा स्वतःचा खरा कोड हेल्थकेअरच्या यादीत आहे. तरीही त्या मेसेजवाल्याने तिला सांगितलंय की कोड बदलावा लागेल.