रिचर्ड इव्हान्सचे तीन खंड, आठ महिने वाचून झाल्यावर

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पहिला खंड उघडला आणि फेब्रुवारीत तिसरा मिटला. मधे गणपतीत आणि दिवाळीत वाचन बंदच होतं. मी सीमाभागात, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, रात्री सगळ्यांची जेवणं झाली की दहा-पंधरा पानं व्हायची, तीपण बाजूला डिक्शनरी घेऊन. सासूबाई विचारायच्या, "काय गे, परीक्षा बिरीक्षा हाय काय तुझी?" खरं तीन खंड मिळून दोन हजाराच्या वर पानं आहेत म्हटल्यावर त्यांनी विचारायचं सोडलं.

आधी पुस्तकांचं सांगते. हा हिटलरच्या जर्मनीचा इतिहास आहे, 'थर्ड राईश' म्हणजे त्याची नाझी राजवट. 'द कमिंग ऑफ द थर्ड राईश' (2003), 'द थर्ड राईश इन पॉवर' (2005), 'द थर्ड राईश अॅट वॉर' (2008). पेपरबॅक घेतली, अक्षर बारीक आहे, आणि आमच्याकडच्या पावसात पहिल्या खंडाचा कणा जुलैतच सुटला, डिंक लावून वर पुस्तकं ठेवून दाबला तेव्हा टिकला. इव्हान्स हे इंग्लंडचे, केंब्रिजला प्रोफेसर होते. हिटलरच्या अत्याचारांवर पांघरूण घालणारा लेखक डेव्हिड आयर्व्हिंग 2000 साली लंडनच्या कोर्टात खटला हरला, त्यात त्याच्या विरोधातले तज्ज्ञ साक्षीदार हेच. आयर्व्हिंगच्या तळटीपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून बघितलेला माणूस, त्यामुळे स्वतः लिहिताना किती जपून लिहितो ते पानोपानी दिसतं.

एक गोष्ट सुरुवातीला विचित्र वाटली, मग तीच सगळ्यात आवडली. जर्मन शब्द ते तसेच ठेवत नाहीत. 'फ्युहरर' नाही, सरळ 'लीडर'. आपल्याला फ्युहरर म्हटलं की सिनेमातला राक्षस डोळ्यापुढं येतो, पण त्या लोकांच्या कानावर रोज पडत होता तो साधा शब्द, आपल्याकडं 'नेता' म्हणतो तसा. भाषेवरनंच सगळं आयुष्य चाललेल्या आमच्या भागातल्या माणसाला हे पटकन कळतं.

पहिला खंड वाचेपर्यंत मी पण सगळ्यांसारखं म्हणायचे की लोकांनीच हिटलरला निवडून दिलं. तसं नाही ते. 1928 ला त्याच्या पक्षाला 2.6 टक्के मतं, 1932 च्या जुलैत 37 टक्के, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात परत 33 वर घसरला. मोकळ्या निवडणुकीत बहुमत त्याला कधीच मिळालं नाही. 30 जानेवारी 1933 ला त्याला चॅन्सेलर, म्हणजे आपल्याकडच्या पंतप्रधानासारखा, केलं ते वरच्या चार माणसांनी, आपण त्याला मुठीत ठेवू म्हणून. मग 27 फेब्रुवारीला संसदेची इमारत पेटली, दुसऱ्या दिवशी वटहुकूम, नागरिकांचे हक्क गेले, आणि 23 मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा 444 विरुद्ध 94 नं पास. विरोधात फक्त सोशल डेमोक्रॅट, कम्युनिस्ट खासदारांना आतच येऊ दिलं नव्हतं, आणि सभागृहात वर्दीतले गुंड उभे. दोन महिन्यांपेक्षा कमी वेळ! ती पानं मी दोनदा वाचली.

त्याच्या मागोमाग जे येतं ते मला जास्त लागलं. गावोगावची गायन मंडळं, खेळाचे क्लब, शिक्षकांच्या संघटना, सगळ्या एकापाठोपाठ एक पक्षाच्या दावणीला. काही ठिकाणी वरनं हुकूम यायच्या आधीच ज्यू सभासदांना काढून टाकलं. आपल्याकडं गल्लीत मंडळ असतं, तालीम असते, वाचनालयाची कमिटी असते, एखाद्याचं नाव यादीतनं गेलं तर सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी विषय काढत नाही. तसंच अगदी.

डायऱ्यांचा वापर फार चांगला केलाय. हॅम्बुर्गची लुईझ सोल्मिट्झ, आधीची शिक्षिका, सुरुवातीला मशालींची मिरवणूक बघून भारावून गेलेली. नवरा पहिल्या महायुद्धात लढलेला अधिकारी, पण जन्मानं ज्यू. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंना राष्ट्रध्वज लावायलाच बंदी केली आणि तो कायदा तिच्याच उंबऱ्यात आला. तिचा मला राग येत होता आणि तिची काळजी पण वाटत होती.

दुसऱ्या खंडात विषयवार मांडणी आहे, पोलीस, शाळा, धर्म, पैसा असं, त्यामुळं साल मागं-पुढं होतं आणि आपण हरवतो. अर्थकारणाचं प्रकरण मी ढकलत ढकलत संपवलं. खरं शाळेवरचा भाग प्रत्येक शिक्षकानं वाचायला पाहिजे. गणिताच्या पुस्तकात उदाहरणं असायची, वेड्यांच्या इस्पितळाला एवढा खर्च येतो तर तेवढ्या पैशात कामगारांची घरं किती होतील. भागाकार शिकवायचा म्हणून! मी पाचवीला भागाकार शिकवते, दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणित लिहिताना हात थांबला.

ते गणित तिसऱ्या खंडात खरं होतं. मनोरुग्णांच्या आणि अपंगांच्या संस्थांकडनं एकेका रुग्णाचा फॉर्म भरून मागवायचे, डॉक्टर रुग्णाला न बघताच फॉर्मवर खूण करायचे, लाल अधिकची खूण म्हणजे मारायचा. ऑगस्ट 1941 पर्यंत असे सत्तर हजार माणसं गॅसनं मारली. म्युन्स्टरच्या बिशप फॉन गालेननं चर्चमध्ये उघड बोलून दाखवलं, त्यानंतर ते गॅसचं काम थांबवलं, पण उपाशी ठेवून आणि औषधं देऊन मारणं पुढं चालूच राहिलं. आमच्या वर्गात एक पोरगा आहे, बोलत नाही, पण रोज माझी पर्स धरून ऑफिसपर्यंत येतो. दरवर्षी त्याचे फॉर्म मीच भरते. तो भाग मी रात्री वाचू शकले नाही, रविवारी उजेडात बसून वाचला.

आता माझ्यात काय फरक पडला ते. सीमाभागात 'हिटलरशाही' हा शब्द आम्ही लहानपणापासनं ऐकतो, भाषणात, बॅनरवर, आता व्हॉट्सअॅपवर, आणि दोन्ही बाजू एकमेकांना म्हणतात. मी पण म्हणायचे. आता माझ्या तोंडून निघत नाही. आमचं दुःख लहान आहे असं मी अजिबात म्हणत नाही. 1956 पासनं तीन पिढ्या गेल्या, कागदपत्रं आपल्या भाषेत मिळावीत म्हणून अजून भांडावं लागतं, एका ऑफिसात मराठीत अर्ज दिला म्हणून मला तासभर उभं केलं होतं आणि ते मी विसरले नाही. खरं सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासनं सुप्रीम कोर्टात आहे, मोर्चा निघतो, वकील उभा राहतो. जर्मनीत 1933 च्या उन्हाळ्यात दुसरा पक्ष काढणंच गुन्हा झाला होता. अन्यायाला अन्याय म्हणावं, दुजाभावाला दुजाभाव म्हणावं, हे शब्द पुरेसे जड आहेत. त्या सत्तर हजारांचा शब्द उचलून आपल्या बॅनरवर लावायला मला आता जमत नाही.

घ्यायचं असेल तर पहिलाच खंड घ्या, तो एकटा वाचला तरी चालतो. नावं भरमसाठ आहेत, मी मागच्या कोऱ्या पानावर यादी केली होती, तसं करा. हिटलरच्या खाजगी आयुष्याच्या कहाण्या पाहिजेत तर या पुस्तकात त्या फारशा नाहीत.

माझा पहिला खंड सध्या शेजारच्या कन्नड शाळेतल्या टीचरनी नेलाय. परवा बसस्टॉपवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अक्का, त्या क्लबांच्यापर्यंत आलोय, एक दोन दिवस थांबलोय तिथंच." मी म्हटलं, घ्या वेळ, मला घाई नाही.