दुकानाच्या पाटीसाठी ठळक फॉन्ट: बालू घ्यावा की टेको?

ठळक देवनागरी अक्षर, तेही फुकट आणि युनिकोडमध्ये हवं असेल, तर बालू आणि टेको ही दोन नावं हमखास पुढे येतात. गूगल फॉन्ट्सवर दोन्ही आहेत, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरायला पैसे पडत नाहीत. स्वभाव मात्र पार वेगळे. आणि पाटी एकदा लागली की वर्षानुवर्षं तीच राहते, म्हणून निवड घाईत करू नये.

बालू मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी यांनी केली आहे. कोपरे गोल, अंग भरलेलं, एकूण तोंडवळा मनमिळाऊ. सुरुवातीला यात एकच जाडी होती, बालू 2 मध्ये पाच आल्या. टेको इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा, 2014 सालचा. हा चौकोनी, उंच आणि अरुंद. यातही पाच जाड्या आहेत. लाइट ते बोल्ड.

पहिला प्रश्न जागेचा. गाळा अरुंद आणि नाव लांब असेल, तर टेको सरळ जिंकतो. त्याच रुंदीत त्याची अक्षरं बालूपेक्षा बरीच उंच बसतात. सामन्यांचे गुणफलक, भावफलक, बातमीचा लांब मथळा या कामांत त्याचा हात धरणारे थोडे. पण एक पथ्य पाळा. खुद्द फाउंड्रीच सांगते की बोल्ड एक-दोन शब्दांपुरता वापरावा, लांब मथळ्याला रेग्युलर, मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्यावा. आपल्याकडे नेमकं उलट होतं. पत्ता, फोन, ‘आमची कोठेही शाखा नाही’, सगळं बोल्डमध्ये ठोकलं जातं आणि रस्त्यापलीकडून काळा पट्टा तेवढा दिसतो.

दुसरा प्रश्न वाचनाचा, आणि खरी परीक्षा इथेच आहे. देवनागरीत जाडी वाढवली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आधी जाते. ‘विद्यार्थी स्टेशनरी’ हे नाव घ्या. पहिलीच वेलांटी, मग ‘द्य’च्या पोटातली चिंचोळी फट, शेवटी दुसऱ्या वेलांटीच्या डोक्यावर रफार. शिरोरेषेच्या वर इतकी गर्दी असताना अरुंद आणि ठळक अक्षरात रफार वेलांटीला चिकटल्यासारखा दिसू लागतो. बालूला आडवी जागा जास्त मिळते, म्हणून जोडाक्षरं सुटी राहतात. नावात ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘र्थी’ असं काही असेल, तर माझं मत बालूकडे. ‘कमल’, ‘नवरंग’ असं साधं नाव असेल, तर टेको देखणा दिसतो.

मराठीची म्हणून एक वेगळी चाचणी करा. ‘लाल’, ‘शाळा’, ‘वाऱ्यावर’, ‘ॲप’ हे चार शब्द टाइप करा. ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात का, ‘ऱ्या’ नीट जुळतो का, ‘ॲ’ची चंद्रकोर मोडते का, ते डोळ्यांनी पाहा. हिंदी वळणाचा ‘ल’ मराठी पाटीवर मला खटकतो, आणि तो खटकलाच पाहिजे.

कायद्याचाही भाग आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये त्यासाठी दोन महिने दिले होते. संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट साइज दिली, तरी इंग्रजी कॅपिटल अक्षरं बहुधा मोठी दिसतात. म्हणून आकड्यावर विसंबू नका, पट्टी लावून उंची मोजा.

ॲक्रिलिक किंवा एसीपीची (ॲल्युमिनियमच्या थराच्या पत्र्याची) अक्षरं कापून लावायची असतील, तर आणखी एक बारकावा. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. छापताना ते दिसत नाही, पण अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांत, बदलून थेट मशीनवर टाकलं की प्रत्येक सांध्यावर काप बसतो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी पूर्ण शब्द ‘वेल्ड’ करायला, म्हणजे एकसंध जोडायला सांगा. राउटर या कापायच्या मशीनचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतले कोपरे थोडे गोलच होतात. बालूमध्ये ते खपून जातं, टेकोचा काटकोन मात्र बोथट दिसतो. लेझरला ही अडचण नाही.

या दोघांपलीकडे मोदक आहे, तोही ‘एक टाइप’चाच. त्यात पोटातल्या जागेच्या नुसत्या रेघा उरतात, त्यामुळे गणेशोत्सवाच्या एका शब्दाला झकास, पत्त्याला कधीच नाही. आणि खालच्या बारीक मजकुरासाठी मुक्ता घ्या. सात जाड्या आहेत आणि बालूशेजारी शोभतोही.

फ्लेक्सवाल्याकडे जुनं कोरल असेल तर युनिकोड मजकुराच्या वेलांट्या भलतीकडे जातात. फाइल कर्व्ह करून पीडीएफमध्येच द्या. त्याआधी तुमचं नाव दोन्ही फॉन्टमध्ये एका कागदावर छापा, समोरच्या भिंतीला चिकटवा आणि रस्ता ओलांडून पलीकडून वाचा. शक्य झालं तर संध्याकाळी, दिवे लागल्यावर.