लोफोटेन की वारांगर? उत्तर नॉर्वेच्या दोन किनाऱ्यांचा तुलनात्मक आढावा

उत्तर नॉर्वेला जायचे ठरवणाऱ्या बहुतेकांच्या मनात आधीपासून लोफोटेनचे एखादे छायाचित्र असते: समुद्रातून सरळ वर उठलेले काळे सुळके आणि त्यांच्या पायथ्याशी लाल रंगाच्या लाकडी झोपड्या. वारांगरचे असे कोणतेही छायाचित्र कोणाच्या डोक्यात नसते. म्हणूनच तुलना करण्याआधी निवड होऊन जाते. प्रवासाचा हेतू केवळ निसर्ग पाहणे हा असेल, तर ती निवड चुकीचीही नाही. पण ज्याला त्या थंड किनाऱ्याचा भूगोल आणि इतिहास समजून घ्यायचा आहे आणि ज्याच्याकडे आठवडा-दहा दिवसांपेक्षा जास्त वेळ नाही, त्याने ही दोन ठिकाणे एकदा शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहेत, दोन्हींचे पोट कॉड माशावर चालत आले आहे आणि दोन्ही एकाच देशात आहेत. त्यापुढे मात्र त्यांच्यात फारसे साम्य उरत नाही.

प्रथम जमिनीकडे पाहू. लोफोटेन हा ६८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासचा द्वीपसमूह आहे. तो नूरलान प्रांतात मोडतो आणि त्याला मुख्य भूमीपासून वेस्टफ्यूर हा रुंद सागरी पट्टा वेगळा करतो. इथले खडक अतिप्राचीन असले, तरी आज दिसणारा आकार मुख्यतः हिमयुगांतील हिमनद्यांनी कोरलेला आहे. सर्वांत उंच शिखरे अकराशे मीटरच्या थोडी वर जातात. हा आकडा आपल्या साल्हेर-कळसूबाईपेक्षाही कमी आहे, परंतु पायथा थेट समुद्रपातळीवर असल्यामुळे ती शिखरे दुप्पट उंच भासतात. बेटांच्या नैर्ऋत्य टोकाला मोस्केनेसोया आणि वेरोया यांच्यामध्ये मोस्कस्त्राउमेन हा प्रसिद्ध भरती-ओहोटीचा प्रवाह वाहतो. जुन्या नकाशांवर महाभोवरा म्हणून रंगवला गेला, तो हाच.

वारांगर हा फिनमार्क प्रांताच्या अगदी पूर्व टोकाचा द्वीपकल्प असून तो ७० अंशांच्याही वर आहे. त्याच्या टोकापाशी बेटावर वसलेले वार्दो हे गाव ३१ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे इस्तंबूलच्याही पूर्वेला येते. नकाशावर हे पाहिल्याशिवाय सहसा कोणाचा विश्वास बसत नाही. इथे सुळके नाहीत. वारा आणि बर्फाने घासून सपाट केलेली पठारे, खुरटी वनस्पती, झाडांचा जवळपास अभाव आणि पूर्वेकडे तोंड करून उघडणारी विस्तीर्ण खाडी असे हे दृश्य आहे. पहिल्या नजरेला ते ओसाड वाटते, आणि ज्याला ओसाडपणा सहन होत नाही त्याने इथे येऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो. मात्र भूशास्त्राची आवड असलेल्यासाठी खाडीच्या आतल्या टोकाजवळ कार्लेबोत्न येथे एक असाधारण खडक आहे. साठ कोटी वर्षांहून जुन्या हिमयुगात हिमनदीने टाकलेला गाळ तिथे दगड होऊन उघडा पडला आहे आणि त्याच्याखालच्या खडकावर बर्फाने ओढलेले ओरखडेही दिसतात. हान्स रॉइश या नॉर्वेजियन भूशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इतक्या जुन्या हिमयुगाचा पुरावा जमिनीवर उभे राहून, कुंपणाशिवाय पाहता येण्याची सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे. शिवाय शेवटच्या हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यावर ही जमीन हजारो वर्षे हळूहळू वर येत राहिली. त्यामुळे खाडीकाठच्या मोर्तेन्सनेस येथे जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या चढत गेलो, की आपण अधिकाधिक जुन्या वस्त्यांकडे जात असतो.

हवामानातील फरक अक्षांशाच्या फरकापेक्षा मोठा आहे. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे लोफोटेनच्या बाहेरच्या बेटांवर जानेवारीचे सरासरी तापमानही शून्याच्या आसपास राहते. एवढ्या उत्तरेला ही गोष्ट विलक्षण आहे. तो प्रवाह वारांगरपर्यंत पोहोचतो, म्हणून तिथली बंदरे गोठत नाहीत, पण तोवर त्याची ऊब बरीच संपलेली असते. वार्दोला ऐन जुलैतही सरासरी तापमान दहा अंशांच्या आसपास घुटमळते आणि वाऱ्याला कोणताही अडसर नसतो. मध्यरात्रीचा सूर्य लोफोटेनमध्ये मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दिसतो, तर वार्दोत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत. याची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते: लोफोटेनमध्ये सूर्य सुमारे महिनाभर उगवत नाही, वार्दोत जवळजवळ दोन महिने.

लोफोटेनचा इतिहास एका माशाभोवती फिरतो आणि म्हणूनच तो समजायला सोपा आहे. बॅरेंट्स समुद्रात वाढलेला कॉड दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात अंडी घालण्यासाठी वेस्टफ्यूरमध्ये येतो. पकडलेला मासा डोके काढून, जोडीजोडीने शेपट्या बांधून, मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगला जातो आणि वसंतापर्यंत वाऱ्यावर वाळतो. वर्सोवा किंवा अर्नाळ्याला वलांडीवर वाळणारे बोंबील ज्याने पाहिले आहेत, त्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की तिथे वाळवण्याचे काम ऊन करत नाही. पारा गोठणबिंदूच्या आगेमागे राहिल्यामुळे मासा धड गोठत नाही, सडत नाही आणि त्याला माश्याही लागत नाहीत. जरा जास्त थंडी किंवा जरा जास्त ऊब असती, तर हा व्यापार उभाच राहिला नसता. हवामान आणि अर्थकारण यांचा इतका थेट संबंध क्वचितच दिसतो.

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा ओइस्टेन याने वोगान येथे चर्च आणि मच्छीमारांसाठी निवारे बांधले. पुढे हा सुका मासा बर्गेनमार्गे हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या हाती आणि तिथून युरोपभर जाऊ लागला. १४३२ च्या जानेवारीत पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी जहाज बुडून रोस्ट बेटाजवळ येऊन लागला. त्याच्या मोठ्या ताफ्यातले जेमतेम अकरा जण वाचले आणि बेटावरच्या कोळ्यांनी त्यांना वसंतापर्यंत सांभाळले. त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत हा तिथल्या मध्ययुगीन जीवनाचा अमूल्य पुरावा आहे, आणि इटली आजही लोफोटेनच्या सुक्या माशाचे मोठे गिऱ्हाईक आहे. माशांची वाळलेली डोकी नायजेरियाला जातात. त्याही आधीच्या काळासाठी बोर्ग येथे जावे. तिथे १९८० च्या दशकातील उत्खननात व्हायकिंग सरदाराच्या ८३ मीटर लांबीच्या घराचे अवशेष सापडले. शेजारी त्या घराची पूर्णाकृती प्रतिकृती उभारली असून १९९५ पासून तिथे संग्रहालय आहे.

पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या त्या सुंदर लाल झोपड्यांमागे मात्र कर्ज आणि मालकीचा कडवट इतिहास आहे. गावाचा मालकच बंदराचा, झोपड्यांचा आणि दुकानाचा मालक असे आणि मासा कोणाला विकायचा हेही बऱ्याचदा तोच ठरवी. नुसफ्यूर येथे ही व्यवस्था अजून इमारतींच्या रचनेतून वाचता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगामात तीस हजारांच्या घरात मच्छीमार इथे जमत. १८९० मध्ये वाफेच्या बोटींनी ट्रोलफ्यूर या चिंचोळ्या खाडीचे तोंड जाळ्यांनी अडवले, तेव्हा वल्ह्याच्या होड्यांवरच्या मच्छीमारांनी आत घुसून मारामारी केली. भांडवल आणि श्रम यांच्या संघर्षाचा इतका नाट्यमय प्रसंग इतक्या देखण्या जागी घडावा, हा लोफोटेनचा स्वभावच म्हणावा लागेल.

वारांगरचा इतिहास असा एका धाग्याने ओवता येत नाही. तिथे या प्रदेशाचे मूळ रहिवासी असलेले सामी लोक होते, नॉर्वेजियन कोळी होते, फिनलंडमधून आलेले क्वेन होते आणि श्वेत समुद्राकडून उन्हाळ्यात पीठ घेऊन येणारे व मासे घेऊन जाणारे रशियन पोमोर व्यापारी होते. साधारण १७४० पासून १९१७ च्या क्रांतीपर्यंत हा व्यापार चालला, आणि नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिश नौदलाने धान्याची वाट अडवली, तेव्हा या किनाऱ्याला भुकेपासून वाचवण्यात रशियन पिठाचा मोठा हात होता. त्या वेळच्या लोकांना सीमा ही रोजच्या व्यवहाराची गोष्ट होती. नॉर्वे आणि रशिया यांच्यातील रेषा अधिकृतपणे आखली गेली तीच १८२६ मध्ये. त्यानंतर ओस्लोतील राज्यकर्त्यांना या मिश्र वस्तीची धास्ती वाटू लागली. सामी आणि क्वेन भाषा शाळांतून हद्दपार झाल्या, आणि १९०२ च्या कायद्याने सरकारी जमीन विकत घेण्यासाठी नॉर्वेजियन भाषा येण्याची अट घातली गेली. या धोरणाबद्दल नॉर्वेच्या संसदेने औपचारिक माफी मागितली ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये.

वार्दो गावासाठी किमान एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. २४ डिसेंबर १६१७ रोजी अचानक उठलेल्या वादळात वार्दो आणि शेजारच्या किबेर्गच्या दहा होड्या बुडाल्या आणि चाळीस पुरुष मेले. चार वर्षांनी, चेटकिणींनी हे वादळ उठवले असा ठपका ठेवून खटले सुरू झाले. सतराव्या शतकात फिनमार्कमध्ये एकूण ९१ जणांना चेटूक केल्याच्या आरोपावरून मारले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. पुरुषांची संख्या थोडी होती आणि त्यांतले अनेक सामी होते. एवढ्या विरळ वस्तीच्या प्रांतात हे प्रमाण भयानक होते. २०११ मध्ये स्टाइलनेस येथे उभारलेल्या स्मारकात वास्तुविशारद पीटर झुमथोर यांनी कापडी भिंतींचा लांब बोगदा बांधला आहे. त्यात प्रत्येक मृत व्यक्तीसाठी एक खिडकी व एक दिवा आहे आणि शेजारी तिच्यावरील आरोप न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे नोंदवले आहेत. बाजूच्या काळ्या काचेच्या दालनात शिल्पकार लुईझ बूर्झ्वा यांची जळती खुर्ची आहे. संपूर्ण उत्तर नॉर्वेत मला एकच वास्तू निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन.

याच गावातून ३ जून १७६९ रोजी माक्सिमिलियान हेल या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकत जाण्याची घटना, नोंदवले, कारण मध्यरात्रीच्या सूर्यामुळे ते इथून दिसू शकत होते. त्याचा सहकारी यानोश शायनोविच याने फावल्या वेळात सामी भाषा ऐकून तिचे हंगेरियनशी असलेले नाते मांडले. गावातला अष्टकोनी तारकाकृती किल्ला १७३८ मध्ये पुरा झाला, आणि क्षितिजावर आज रडारचे पांढरे घुमट दिसतात. सीमेवरचे गाव असणे म्हणजे काय, हे समजायला या दोन इमारती पुरेशा आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत दोन्ही किनाऱ्यांची तुलना जवळजवळ अन्यायकारक ठरते. ४ मार्च १९४१ रोजी ब्रिटिश कमांडोंनी लोफोटेनवर छापा घातला, स्फोटकांसाठी लागणाऱ्या ग्लिसरीनचा पुरवठा तोडण्यासाठी माशाच्या तेलाचे कारखाने उडवले, सव्वादोनशेच्या आसपास कैदी पकडले आणि एका जर्मन बोटीवरून एनिग्मा या जर्मन सांकेतिक संदेशयंत्राची सुटी चक्रे मिळवली. ही कथा साहसाची आहे, जरी नंतर जर्मनांनी तिचा सूड स्थानिकांवर उगवला. फिनमार्कमध्ये जे घडले ते साहसकथेत बसत नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये लाल सेना पुढे सरकत असताना हिटलरने संपूर्ण प्रदेश रिकामा करून जाळण्याचा हुकूम दिला. सुमारे पन्नास हजार लोकांना सक्तीने दक्षिणेला नेण्यात आले, हजारो लोक गुहांत आणि मातीच्या खोपटांत लपून हिवाळा काढत राहिले, आणि घरे, चर्च, धक्के, तारेचे खांबसुद्धा जाळले वा उडवले गेले. हामरफेस्टमध्ये स्मशानातले प्रार्थनागृह तेवढे उभे राहिले. शिर्केनेसजवळ ब्योर्नेवात्नच्या खाणीच्या बोगद्यात सुमारे तीन हजार माणसे सोव्हिएत सैनिक येईपर्यंत राहिली आणि तिथे मुले जन्माला आली. म्हणून फिनमार्कच्या गावांत जुनी घरे शोधू नयेत, तिथले बरेचसे १९४५ नंतरचे आहे. अपवाद हवा असेल तर वार्दोहून अरुंद, वळणाच्या रस्त्याने हामनिंगबेर्गला जावे. हे मच्छीमार गाव जाळपोळीतून बचावले होते.

व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर लोफोटेन सोपे आहे. बूदोहून जहाज, एव्हेनेस विमानतळावरून मोटार आणि २००७ पासून मुख्य भूमीशी अखंड रस्ता, असे तिन्ही मार्ग उपलब्ध आहेत. रस्ता ओ नावाच्या गावात संपतो आणि वाटेत सगळे काही हाताशी येते. त्याची दुसरी बाजू म्हणजे जुलैतली गर्दी: राइने गावाजवळच्या डोंगरावर शेर्पांकडून दगडी पायऱ्या बांधून घ्याव्या लागल्या, इतकी माणसे तो डोंगर चढतात. वारांगरला शिर्केनेस किंवा वादसोपर्यंत विमानाने जाऊन मोटार घ्यावी लागते. अंतरे लांब आहेत, उपाहारगृहे थोडी आहेत आणि बसवर विसंबणे अवघड आहे. वार्दोला समुद्राखालच्या बोगद्यातून रस्ता जातो. हा १९८२ चा बोगदा देशातला या प्रकारचा पहिला रस्ता-बोगदा होता.

युरोपचे उत्तर टोक म्हणून प्रसिद्ध असलेल्या नॉर्डकाप्पला जावे का, हा प्रश्न बहुतेक जण विचारतात, म्हणून त्याचे उत्तर थोडक्यात देतो. ३०७ मीटरचा तो कडा भव्य आहे, परंतु तो बेटावर आहे, त्याच्या शेजारचे भूशिर आणखी उत्तरेला जाते, आणि त्यासाठी जाणारा दीड-दोन दिवसांचा वेळ वार्दोला दिलेला बरा.

माझे मत असे. उत्तरेची ही पहिलीच भेट असेल, सोबत मुले किंवा वयस्कर आई-वडील असतील, किंवा वाळणारा मासा प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये लोफोटेनला जावे. जुलैत गेल्यास मांडव रिकामे आणि रस्ते भरलेले सापडतात. ज्याला सीमा, अल्पसंख्य समाज आणि युद्ध यांत रस आहे, किंवा जो पक्षिनिरीक्षक आहे, त्याने मेच्या अखेरीस वारांगर निवडावे, कारण तेव्हा वार्दोसमोरच्या होर्नोया बेटावर पफिन आणि इतर समुद्रपक्ष्यांनी कडे गजबजलेले असतात. एकाच आठवड्यात मोटारीने दोन्ही करण्याचा बेत कोणी सुचवला, तर तो ऐकू नये, कारण हजार किलोमीटरहून जास्त अंतर गाडीत बसून काढावे लागेल. दोन्ही हवेच असतील तर स्वोल्वेरहून रात्रीच्या किनारी जहाजात बसावे. ते सुमारे अडीच दिवसांत वार्दोवरून शिर्केनेसला पोहोचते, आणि परतीचे विमान तिथूनच मिळते.