लिहिते राहण्यासाठी: महिन्याचा कट्टा की दिवाळी अंकाची मुदत?

लिखाणाची ओढ आहे, दोन-तीन कथा लिहून झाल्या आहेत, जवळच्या माणसांनी त्या आवडीने वाचल्या आहेत, आणि तरीही पुढची कथा महिनोन्महिने हलत नाही, अशा अवस्थेत बहुतेक नवे लेखक कधी ना कधी येतात. आपल्या लिखाणाची कोणीतरी वाट पाहत असावे, कोणीतरी ते मागावे, असे या काळात तीव्रतेने वाटते. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यापुढे अशा वेळी साधारण दोन मार्ग असतात. एक म्हणजे दर महिन्याला एकत्र जमून आपापले लिखाण वाचून दाखवणारा एखादा कट्टा, आणि दुसरा म्हणजे दिवाळी अंकांच्या मुदती डोळ्यांसमोर ठेवून एकट्याने काम करणे. मी हे दोन्ही मार्ग काही वर्षे चालून पाहिले आणि शेवटी एकाची निवड केली. ज्यांना अजून ठरवायचे आहे त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

दोन्ही एकदम का करू नये, असा प्रश्न कोणी विचारेल. काहींना ते जमते. पण संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचणाऱ्या माणसाकडे लिहिण्यासाठी उरणारा वेळ इतका थोडा असतो की तो कोणत्या तारखेसाठी खर्च करायचा, हे ठरवावेच लागते. कार्यशाळांचा विचार मी येथे केलेला नाही. त्यांतून शिकायला मिळते, परंतु त्या संपल्यानंतरच्या महिन्यांत लिहिते राहण्याचा प्रश्न तसाच उरतो.

कट्ट्याची बाजू आधी मांडतो, कारण सुरुवात मी तेथूनच केली. मी ऐरोलीला राहतो आणि आमचा छोटा, खाजगी गट ठाण्यात आळीपाळीने कोणाच्या तरी घरी जमत असे. ठाण्यात ऐकणारा माणूस मिळणे अवघड नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय येथे १८९३ पासून आहे, ८४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर २०१० मध्ये येथेच भरले, आणि व्याख्यानाला किंवा काव्यवाचनाला वेळेवर येऊन शेवटपर्यंत बसणारा वर्ग या शहरात आजही आहे. अशा माणसांसमोर आपले चार कागद वाचताना जो धीर येतो, तो घरच्यांच्या कौतुकाने येत नाही. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपली पाळी आहे, एवढ्या जाणिवेने मी कितीतरी रात्री जेवण झाल्यावर पुन्हा टेबलाशी बसलो आहे. रिकाम्या हाताने गेलो तर कोणी रागावत नसे, फक्त ‘पुढच्या वेळी नक्की’ असे म्हणत, आणि ते म्हणणे मला पुरेसे बोचत असे.

कट्ट्याचा दुसरा मोठा लाभ म्हणजे सोबत. आपल्यासारखाच दुसरा एक माणूस बँकेतून थेट येऊन, डबा बाजूला ठेवून, काल रात्री लिहिलेली दोन पाने थरथरत्या आवाजात वाचतो, तेव्हा लिहिणे हा आपला एकट्याचा विक्षिप्त नाद नाही याची खात्री पटते. ही खात्री नव्या लेखकाला फार गरजेची असते, आणि दिवाळी अंकाच्या मार्गावर ती मिळत नाही हे मोकळेपणाने सांगायला हवे. जुलैमध्ये पावसाने गाड्या बंद पडल्या की बैठक रद्द होते, कोणाच्या घरी पाहुणे आले की पुढे ढकलली जाते, या गोष्टी मला विशेष खटकल्या नाहीत.

मला खटकली ती दहा मिनिटांची मर्यादा. आठ-दहा माणसांना दोन तासांत वाचायचे आणि थोडी चर्चाही करायची, तर प्रत्येकाला दहा मिनिटेच देता येतात. या नियमात अन्यायाचे काही नाही, आणि तो मोडू देणाऱ्या गटांत एकच माणूस पाऊण तास वाचतो हेही मी पाहिले आहे. सावकाश, अर्थ पोहोचेल असे वाचले तर माझ्या दहा मिनिटांत हजार-अकराशे शब्द होतात. कथा तीन-साडेतीन हजार शब्दांची असेल, तर ती तीन महिन्यांत तीन तुकड्यांनी ऐकवावी लागते.

त्या काळात मी एका आगरी कुटुंबाची कथा लिहीत होतो. सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि त्यानंतर नवी मुंबईसाठी गावोगावच्या जमिनी संपादित झाल्या. त्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणाऱ्या योजनेत, मिळालेला भूखंड, त्यावर हक्क सांगणारे दोन भाऊ आणि हक्कसोडपत्रावर सही करायला माहेरी बोलावलेली बहीण, असा तो विषय होता. भांडण त्या कथेच्या कडेलाच होते. बहीण तो कागद एकेक ओळ करून वाचते, वारसांच्या यादीत वडिलांच्या नावानंतर येणारी नावे पाहते, वहिनी चहा आणते, धाकटा भाऊ पंखा वाढवतो, आणि सही काही होत नाही, यात माझी कथा होती. हे सारे सावकाशच यायला हवे होते.

पहिल्या बैठकीत दहा मिनिटे संपली तेव्हा बहीण नुकती अंगणात आली होती. पुढच्या महिन्यात दोघांनी थोरला भाऊ कोणता ते विचारले, कारण मधल्या चार आठवड्यांत ते विसरून जाणे अगदी साहजिक होते. म्हणून मी प्रत्येक तुकड्याच्या आरंभी मागचा धागा जोडून देणाऱ्या चार ओळी घालू लागलो. त्यानंतर बहिणीचा नकार पुढे ओढला, म्हणजे तो पहिल्या दहा मिनिटांत येईल. वारसांची यादी वाचताना खोलीत चुळबुळ होते हे जाणवल्यावर यादी गेली. संवाद वाढले, कारण संवाद ऐकायला सोपे जातात आणि आवाज बदलून वाचता येतात. प्रत्येक बदलाला श्रोत्यांची दाद मिळाली आणि ती दाद खरी होती. ऐकायला ती कथा निश्चितच चांगली झाली होती. मात्र घरी येऊन शांतपणे वाचली, तेव्हा जिच्यासाठी मी लिहायला बसलो होतो ती कागद वाचणारी बाई तिच्यात उरलेली नव्हती.

पुढे हीच गोष्ट इतर कथांबाबत होऊ लागली. विषय सुचतानाच मन हिशोब करू लागे की हे दहा मिनिटांत मावेल का, पात्रे तीनच ठेवावीत का, शेवटी एखादा धक्का देता येईल का. कट्ट्याने मला लिहिते ठेवले याबद्दल मी त्या मित्रमंडळींचा मनापासून ऋणी आहे. पण काय लिहायचे हेही हळूहळू ती दहा मिनिटेच ठरवू लागली, आणि ज्याला दीर्घकथेचा किंवा कादंबरीचा ध्यास आहे त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. सगळ्याच गटांत असे होत असेल असे मी म्हणणार नाही. काही गट आधी मजकूर पाठवून, सर्वांनी वाचून आल्यावर फक्त चर्चा करतात, आणि आपल्याला तसा गट मिळाला तर माझा हा आक्षेप बराचसा गळून पडेल. मला तसा गट जवळपास मिळाला नाही.

आता दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षाला ही एक ठरलेली तारीख मिळाली आहे. साहित्य मागवणारी आवाहने मे-जूनपासून दिसू लागतात, बऱ्याच अंकांची मुदत जुलै-ऑगस्टमध्ये संपते, आणि त्यानंतर संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन होऊन अंक दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात. ही तारीख आपल्यासाठी कोणी पुढे ढकलत नाही. पावसामुळे, पाहुण्यांमुळे किंवा आपल्याला बरे नसल्यामुळे दिवाळी लांबत नाही. ती लांबते फक्त अधिक महिन्याने. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला झाले, तर २०२५ साली ते २१ ऑक्टोबरला आले. त्यामुळे नवे पंचांग हाती आले की मी आधी दिवाळी पाहतो आणि तेथून मागे मोजत येतो.

या मार्गाने वर्षाला एक आकार येतो. विषय माघ-फाल्गुनात पक्का करायचा, पहिला खर्डा अक्षय्य तृतीयेपर्यंत संपवायचा, तो काही दिवस डोळ्यांआड ठेवायचा आणि पाऊस सुरू झाला की पुनर्लेखनाला बसायचे, असा माझा क्रम आता बसला आहे. महिन्याला तुकडा देण्याचा ताण नसल्यामुळे एखाद्या परिच्छेदावर पंधरवडा गेला तरी चालतो. प्रत्येक अंकाची शब्दमर्यादा असते, हे खरे. पण ती संपूर्ण कथेची मर्यादा असते, आणि दीर्घकथांना जागा देणारे अंक मराठीत आजही आहेत. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची ती कथा मी वारसांच्या यादीसकट पुन्हा लिहिली आणि एका अंकाकडे पाठवली. संपादकांचा फोन आला आणि त्यांनी एकच विचारले, की बहिणीला नेमके काय हवे आहे हे आपल्याला ठाऊक आहे का. त्या एका प्रश्नावर मी आणखी तीन आठवडे काम केले. श्रोत्यांच्या दाटीत मला असा प्रश्न कधी मिळाला नव्हता, कारण तो विचारायला कथा संपूर्ण, एका बैठकीत आणि मनात वाचलेली असावी लागते.

या मार्गाची अडचण कोणती, हेही सांगणे भाग आहे. पूर्वी न स्वीकारलेले लिखाण ‘साभार परत’ येत असे, आणि ते मनाला कितीही लागले तरी निदान निकाल कळत असे. आता मजकूर ईमेलने जातो आणि पुष्कळदा पोचही येत नाही. एकच कथा एका वेळी दोन अंकांकडे पाठवू नये हा संकेत योग्यच आहे, पण त्यामुळे उत्तर न देणाऱ्या अंकाकडे कथा दिवाळीपर्यंत अडकून पडते. मी यावर असा तोडगा काढला की सोबतच्या पत्रातच नम्रपणे लिहायचे, की गणेशोत्सवापर्यंत स्वीकृती कळली नाही तर ही कथा अन्यत्र पाठवण्यास मी मोकळा आहे असे समजेन. कोणत्याही संपादकाने याचा राग धरल्याचे मला आढळले नाही. मानधनाविषयी फार अपेक्षा ठेवू नये. लहान अंक बहुधा लेखकाची प्रत पाठवतात आणि तेवढ्यावरच थांबतात. मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असावा, कारण जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताना जोडाक्षरे बिघडतात.

ही उत्तराची शांतता सहन होते का, यावर आपली निवड बरीचशी अवलंबून राहील असे मला वाटते. कथा पाठवल्यानंतरचे भाद्रपद-आश्विन हे दोन महिने मला दर वर्षी जड जातात. लिहिलेले बरे आहे की नाही हे सांगणारे कोणी नसते आणि नवे काही सुचत नाही. कट्ट्याची आठवण मला याच दिवसांत येते, आणि या काळात श्रोता म्हणून एखाद्या बैठकीला जाऊन बसणे मी अजून सोडलेले नाही.

आपण कविता किंवा छोटे ललित लेख लिहीत असाल, तर माझे म्हणणे बाजूला ठेवून कट्टाच निवडावा. कविता दहा मिनिटांत पूर्ण वाचून होते, ती कानासाठीच असते, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून कवीला जे कळते ते कोणतेही पत्र सांगू शकणार नाही. ज्यांची एकही कथा अजून शेवटापर्यंत गेलेली नाही, किंवा जे नव्यानेच घणसोली-खारघरकडे राहायला आले आहेत आणि ज्यांना लिहिणारे एकही माणूस ओळखीचे नाही, त्यांनाही वर्षभर कट्टा उपयोगी पडेल. वर्षभराची मुदत अशा लेखकाला फार लांबची वाटते आणि मेपर्यंत वहीच उघडली जात नाही, ही शक्यता खरी आहे.

परंतु एक-दोन कथा पूर्ण करून झालेल्या आणि मोठे, संथ काही लिहू इच्छिणाऱ्या लेखकाने दिवाळी अंकाची तारीख धरावी, असे माझे मत झाले आहे. त्यासाठी आधी अंक वाचावे लागतात आणि ते सगळे विकत घेण्याची गरज नाही. अनेक वाचनालये दिवाळीनंतर ठराविक वर्गणीत दिवाळी अंकांची योजना चालवतात आणि काही महिने पाळीपाळीने अंक घरी नेता येतात. त्यांतून आपल्या प्रकृतीचे तीन अंक निवडावेत. त्यांत किती लांबीच्या कथा आहेत, अनोळखी नावे किती आहेत आणि संपादकीयात संपादक कोणत्या प्रकारच्या लिखाणाविषयी आस्थेने बोलतात, हे टिपून ठेवावे. संपर्काचा पत्ता बहुतेक वेळा अनुक्रमणिकेच्या पानावरच असतो. संक्रांतीपर्यंत एवढे झाले, तर मेमध्ये आवाहने येईपर्यंत पहिला खर्डा लिहून होण्याइतका वेळ नोकरी करणाऱ्या माणसालाही मिळतो.