म्हापसा ते मडगाव, दोन शटल: माझा अनुभव

कदंब म्हणजे गोव्याची सरकारी बससेवा; तिच्या शटलबद्दल, म्हणजे दोन शहरांमधल्या विनाथांबा बसबद्दल, लिहायचं कधीपासून मनात होतं. मी राहते म्हापशाच्या पलीकडे एका गावात आणि नोकरी मडगावात, एका हिशेबनिसाच्या कचेरीत. सकाळी म्हापसा–पणजी शटल, पणजी स्टँडवर उतरलं की लगेच मडगावची. वाटेत मांडवी आणि झुवारी अशा दोन नद्या ओलांडते आणि रात्रीचं जेवण घरीच जेवते. हे जमतं म्हणून मला मडगावात खोली घ्यावी लागली नाही. खोलीचं भाडं द्यावं लागलं असतं तर ही नोकरी परवडलीच नसती.

नवख्या माणसासाठी पद्धत सांगते. तिकीट बसमध्ये मिळत नाही, आधी खिडकीवर घ्यायचं. मग रांगेत उभं राहायचं. गाडीत जेवढ्या सीट तेवढीच माणसं घेतात, उभं कुणालाही नाही. गाडी भरली की सुटते आणि मधे थांबत नाही. रस्ता मोकळा असेल तर पणजी–मडगाव पाऊण ते एक तास. हल्ली इलेक्ट्रिक गाड्याही आहेत, त्यांत आवाज कमी, डुलकी चांगली लागते. बाई म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते: प्रत्येकाला सीट असल्यामुळे अंगावर रेलणारी गर्दी नसते. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलींना घरच्यांनी लांबची नोकरी करू दिली, ती शटल आहे या एका कारणावर.

सोमवारी सकाळी पणजीच्या रांगेत जरा आजूबाजूला बघा. काळा कोट हातावर घेतलेला वकील, औषध कंपनीची बॅग सांभाळणारा पोरगा, बँकेतल्या बायका, कॉलेजची मुलं. समोर मडगावहून आलेल्या गाडीतून तेवढीच माणसं उतरत असतात. त्यांत मडगाव स्टेशनवर रात्री उतरलेले, पाठीवर पिशव्या घेतलेले परराज्यातले कामगारही दिसतात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हापासून गोव्याच्या बांधकामाला आणि हॉटेलांना बरीच माणसं मिळाली ती याच वाटेने. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराची माणसं यात मिसळतात, तेव्हा रांगेत भाजीचा आणि सुक्या मासळीचा वास असतो.

२०११च्या जनगणनेत पणजी शहराची वस्ती जेमतेम ४० हजार होती. दिवसा तिथे कामाला येणाऱ्यांची गर्दी पाहिली तर हा आकडा खरा वाटत नाही. त्याच जनगणनेत गोव्यातले ६२ टक्के लोक शहरी ठरले. देशाचा आकडा ३१ होता, आणि गोव्याचाच दहा वर्षांपूर्वीचा ५०च्या आसपास. मधल्या काळात एवढी माणसं घरं सोडून शहरात राहायला गेली का? मुळीच नाही. गावंच शहर म्हणून मोजली गेली. पाच हजारांची वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश शेतीबाहेर, एवढं झालं की पंचायत असलेला गावही जनगणनेत शहर होतो. आमच्याकडे नेमकं हेच घडलं. घर तेच, अंगणातली तुळस तीच. बापाचं शेत पडीक, मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात. आणि या निकषात पुरुषच मोजतात, हे मला खटकतं. शटलच्या रांगेतल्या आम्हा बायकांच्या कमाईने गावात स्लॅबची घरं उभी राहिली, मुलं इंजिनिअर झाली. ती कमाई मोजायला नको?

डिचोलीच्या माझ्या मावसभावाचा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रक उभा, हप्ता चालू. त्याच्याबरोबर गॅरेजवाला बसला, टायरवाला बसला, रस्त्याकडेचं हॉटेल बसलं. खनिजातून पैसा भरपूर आला होता, पण तो सगळा एकाच धंद्यावर उभा होता. शेवटी भावाने ट्रक विकला आणि वेर्ण्याला औषध कारखान्यात लागला. कंपनीची बस त्याला घ्यायला येते. ती येत नसती तर डिचोलीच्या माणसाला वेर्ण्याची नोकरी कशी धरता आली असती? कारखाना येतो, गुंतवणूक येते, याच्या बातम्या होतात. पण माणूस तिथे रोज वेळेवर आणि परवडेल अशा खर्चात पोचतो का, यावर त्या नोकरीचा घराला उपयोग ठरतो.

आई सांगते, १९८६च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला तेव्हा बेतीच्या फेरीबोटीवर झुंबड उडायची. अलीकडे झुवारीच्या जुन्या पुलावर कोंडी झाली की आम्ही कुठ्ठाळीलाच अडकून पडायचो. २०२२च्या डिसेंबरात नव्या पुलाच्या पहिल्या चार लेन सुरू झाल्या आणि सकाळचा जीव हलका झाला. आईचा विषय निघालाच आहे तर, तीसुद्धा नोकरी करू शकली ती गोवा मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावात सरकारी मराठी शाळा आली म्हणून. तिच्या आधी आमच्या घरात बाईला अक्षरओळख नव्हती. शाळेने तिला लायक केलं, पण रोज म्हापशाला नेलं ते बसने. पुढाऱ्यांच्या भाषणात शाळा येते, पूल येतो, बस मात्र क्वचितच.

माझी तक्रार शटलच्या पुढच्या टप्प्याची आहे. संध्याकाळी म्हापशाला उतरल्यावर आमच्या गावाकडे जाणारी शेवटची खासगी बस बहुतेक वेळा निघून गेलेली असते. प्रवासी कमी दिसले तर ती फेरीच मारत नाहीत. मग पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, घ्यायचा, नाहीतर घरून कुणालातरी स्कूटर घेऊन बोलवायचं. पावसात, काळोखात पायलटच्या मागे बसून घाटी चढायला मला आवडत नाही. शेजारच्या मुलीने पणजीतली चांगली नोकरी याच पायी सोडली. तिची कामाची पाळी रात्री आठला सुटायची. जी टिकतात ती कर्ज काढून स्कूटर घेतात, म्हणून आमच्याकडे एकेका अंगणात तीन-तीन दुचाक्या दिसतात.

शटलला मी पाचपैकी पाच देते. मासिक पास काढा, सकाळी आठच्या आधी रांग धरा, सोमवारी त्याहूनही लवकर. आणि बसचे परवाने देणाऱ्यांकडे एक मागणं आहे: म्हापसा स्टँडवरून प्रत्येक मार्गाची शेवटची गावबस, पणजीहून येणारी शेवटची शटल पोचल्यानंतर दहा मिनिटांनी सुटावी, आणि ही अट परवान्यावरच लिहावी.