कंटेनर घर घेताना भिंतीच्या आत काय भरले आहे, ते पाहून घ्या

शहरात जागा घेऊन घर बांधण्याचा खर्च आवाक्याबाहेर गेल्यामुळे कोल्हापूरजवळ कळंब्याच्या पुढे वडिलांच्या बिगरशेती प्लॉटवर कंटेनरचे छोटे घर बसवायचे आम्ही ठरवले. चाळीस फूट लांब आणि आठ फूट रुंद, म्हणजे ३२० चौरस फूट जागा दोघांना पुरते, सिमेंट कमी लागते आणि वापरून झालेले पोलाद पुन्हा कामी येते. या गुणांबाबत माझी आजही तक्रार नाही.

शिरोली परिसरातील एका विक्रेत्याने दाखवलेल्या नमुना घराच्या भिंतीत ५० मिलिमीटर जाडीचे पफ, म्हणजे उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम, होते. 'तुमच्या घरातही हेच असेल' असा व्हॉट्सॲप संदेशही त्याने पाठवला होता. क्रेनने घर उतरवल्यावर, शेवटचा हप्ता दिल्यानंतर, वायरमनने पंख्यासाठी छिद्र पाडले, तेव्हा ड्रिलबरोबर थर्माकोलचे पांढरे मणी बाहेर आले. प्लायवूडमागे इंचभरही जाड नसलेला थर्माकोल होता आणि छताच्या काही भागात तर तोही नव्हता. पोलादी पत्रा उन्हात लवकर तापतो आणि पावसाळ्यात त्याच्या आतल्या बाजूला दव धरते. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी घरात बसवत नव्हते आणि आषाढात प्लायवूड फुगू लागले.

पुढे तळाचा नवा काळा रंग खरवडला, तेव्हा गंजाची भोके पुटीने बुजवलेली दिसली. 'एकाच फेरीचा कंटेनर', म्हणजे मालाच्या एकाच खेपेसाठी वापरलेला, जवळजवळ नवा, म्हणून विकलेल्या या कंटेनरच्या दारावरील मान्यतेची धातूची पट्टी काढून टाकलेली होती. जहाजी कंटेनरच्या या पट्टीवर निर्मितीचा महिना व वर्ष कोरलेले असते, म्हणून कापणी आणि रंगकाम सुरू होण्यापूर्वी तिचा आणि कंटेनर क्रमांकाचा फोटो स्वतः काढावा. 'हलवता येणाऱ्या घराला परवानगी लागत नाही' असेही विक्रेता ठामपणे सांगत असे. त्याच्या तोंडी हमीवर न जाता आधी स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे लेखी चौकशी करावी.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे आम्ही तक्रार केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. बिल जीएसटीसह घ्यावे, पफची जाडी व घनता दरपत्रकात लिहून घ्यावी, आणि भिंत व छत दोन्ही ठिकाणी आपल्यासमोर छिद्र पाडून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.